सावडीचा शंख

सबतांग बेट
२० एप्रिल १९६९

प्रिय सिक्स्तो,

तुझं नाताळचं पत्र मला मार्चात मिळालं. समुद्र खवळलेला होता, फालोवा होड्या किनाऱ्यावर उपड्या पडून होत्या, त्यात टपालाचा काय दोष. मक्याची कणसं हातभर झाली हे वाचून आनंद झाला. हात कोणाचा, तुझा की तुझ्या नातवाचा, ते मात्र लिहिलं नाहीस.

इकडची खबर एवढीच की घराचं छप्पर यंदा उतरवावं लागणार. तुम्ही सगळे दूर दक्षिणेला मिंदानावला गेलात त्याच्या आदल्या वर्षी तू जे गवत घातलंस ते आता वळचणीला पार कुजलंय. हात घातला की काळा भुगा निघतो. भिंतींची मला चिंता नाही. आजोबांनी समुद्रातला दगड फोडून, चुना भाजून त्या उभ्या केल्यात आणि त्या मला पुरून उरतील. पण नुसत्या भिंतींना कोणी घर म्हणत नाही.

जूनपासून वादळांचे दिवस. त्याआधी शाकारणी व्हायला हवी. शाकारणीला एकमेकांच्या घरी राबणारी सावड हवी, आणि सावड बोलवायची तर शंख हवा. शंख तू घेऊन गेलास.

रागावून लिहीत नाही. सावडीचा म्होरक्या तू, आणि शंख म्होरक्याच्या घरी असतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण म्होरक्या तिकडे, शंख तिकडे आणि गळकं छप्पर इकडे, हा कुठला न्याय? तू त्याचं तिथे करतोस तरी काय? मक्यावरचे पोपट उडवतोस का? पाठवून दे. पेटीत पेंढा भरून पाठव, म्हणजे वाटेत तडकणार नाही.

तुझी ताई,
उर्सुला

*

मिंदानाव
१८ मे १९६९

प्रिय ताई,

हात माझाच. नातवाच्या हाताने मोजलं असतं तर कणीस दोन हात भरलं असतं.

शंख सोडून काहीही माग. बाबांनी मला तो समुद्राकडे तोंड करून हातात दिला, तेव्हा तूही तिथेच उभी होतीस. इथे तो माझ्या भिंतीवर टांगलाय. नव्या वर्षाच्या सकाळी मी फुंकतो, तेव्हा आपल्या बेटावरून आलेली सगळी घरं माझ्या अंगणात गोळा होतात आणि म्हातारे डोळे पुसतात. इथे माती आपली नाही, मासे आपले नाहीत, बोलीसुद्धा पोरं विसरत चाललीत. तो शंखही गेला तर आमच्याकडे गावचं असं उरेल काय? आणि समजा पाठवला, तर फुंकणार कोण? शंख बायकांनी फुंकायचा नसतो.

पोलिकार्पोला सांग. माझ्या माघारी सावड त्याच्याकडे आहे. त्याने हाक मारली तरी माणसं येतील. तो आणि त्याची माणसं छप्पर बघून घेतील, तू डुक्कर कापून रताळी उकड. गाठी मारण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या बेटावर नाही.

नाहीतर माझं ऐक आणि कायमची इकडे ये. इथे वादळ येत नाही, ताई. पाऊस पडतो, पण सरळ वरून खाली पडतो. मी दगडाचं घर बांधलं ते लिहिलं होतं ना? त्यातली एक गंमत लिहायची राहिली. गावच्यासारखीच ईशान्येची भिंत मी आंधळी ठेवली, खिडकी नाही की झरोका नाही. छपराला दोर बांधायला चारी अंगांनी दगडी खुंट्याही काढल्या. सगळं झाल्यावर शेजारी बघायला आला. म्हणाला, 'अरे, गार वारा नेमका याच बाजूने येतो, आणि तू तिथेच भिंत बुजवलीस?' मी काय सांगणार? हातांना दुसरं घर येतच नाही. आता आत उकडतं आणि खुंट्यांवर कोंबड्या बसतात.

तुझाच,
सिक्स्तो

*

सबतांग बेट
२२ जून १९६९

प्रिय सिक्स्तो,

छप्पर झालं.

शंख नव्हता, म्हणून पायांनी काम केलं. दारोदार फिरले आणि सांगितलं, 'उद्यापासून आमच्याकडे.' सावडीत याहून जास्त बोलत नाहीत, ती रीत मोडली नाही. सकाळी उजाडायच्या आत माणसं अंगणात हजर. डोंगरावरचं गवत आधीच कापून वाळवलं होतं. जुनं उतरवलं, वासे तपासले, दोन किडलेले निघाले ते बदलले, आणि मग थरावर थर. हात खुपसला तर कोपरापर्यंत जातो आणि तरी पलीकडचा उजेड लागत नाही, इतकं जाड झालंय. बाबांच्या वेळीसुद्धा एवढं दाट नव्हतं. हे मी म्हणते, आणि तुला ठाऊक आहे, बाबांच्या कामाला मी सहजासहजी मागे टाकत नाही.

पोलिकार्पो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हजर होता. त्याची नजर एका गाठीवरून हटली नाही आणि तोंडही थांबलं नाही. ईशान्येच्या कोपऱ्यावर एकाऐवजी दोन दोर टाकलेत, एकमेकांवर पीळ देऊन.

डुक्कर कापलं. सगळ्यांना जेवायला घालून जे मांस उरलं ते त्याच्याच चरबीत मुरवून मडकी भरलीत. वादळाला पुरतील.

एक मात्र आली नाही. कोन्सोर्सिया. तिच्या लेकाने मनिलाहून टिनाचे पत्रे पाठवले, तिने गवत काढून ते ठोकून घेतले. ऊन पडलं की गल्लीतून डोळे मिटून जावं लागतं. मी बोलवायला गेले तर म्हणते, 'टिनाला सावड लागत नाही, उर्सुला. खिळे लागतात.' मी बरं म्हटलं आणि परत आले.

इकडे ये म्हणतोस. वादळ नसलेल्या मुलखात येऊन मी करू काय? मी केलेलं काम टिकतं की नाही हे मला तिथे कोण सांगणार?

उर्सुला

*

मिंदानाव
२७ जुलै १९६९

प्रिय ताई,

तुझं पत्र मी प्रार्थनेनंतर देवळाबाहेर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कोपऱ्यावरच्या दोन दोरांपाशी आलो तेव्हा लोकांनी पुन्हा वाच, पुन्हा वाच म्हणून दोनदा वाचायला लावलं. मी म्हटलं, बघा, आपण इतके जण निघून आलो तरी गाव पांगळं झालं नाही. पोलिकार्पोसारखे पुरुष तिथे आहेत तोवर आपल्या छपरांना भीती नाही. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं, ते हिने अजून लावलेलं नाही.

पोलिकार्पोला माझा नमस्कार सांग. आणि कोपऱ्यावर ज्याने दुहेरी दोर टाकला त्याचा हात हातात घेऊन सांग, की सिक्स्तोने आभार मानलेत, आणि सिक्स्तो तोंडदेखलं बोलत नाही. कोण होता तो? एवढं लिहिलंस आणि नाव तेवढं लिहिलं नाहीस.

तुझाही मान लहान नाही, ताई. पंगत सांभाळणं हे निम्मं छप्पर सांभाळण्यासारखंच आहे.

मी रेडिओ घेतला. मनिलावाले वादळांची खबर देतात. आता तिकडे काय येतंय ते मला तुझ्याइतकंच लवकर कळेल.

सिक्स्तो

*

सबतांग बेट
२५ सप्टेंबर १९६९

सिक्स्तो,

हे पत्र आज जाणार नाही. होड्या वर ओढून, पोटात दगड भरून, दोरांनी जखडून ठेवल्यात. तरी लिहायला बसलेय, कारण करायचं ते सगळं करून झालंय आणि वादळ अजून आलेलं नाही. या मधल्या वेळात काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलं नाही. बाबा दोर वळत बसायचे, लागत नसला तरी.

कालपासून पान हलत नाही, पण समुद्र येतोच आहे. लांबलांब लाटा, एकीलाही घाई नाही. गुरं कोणी न हाकता डोंगरावरून घळीत उतरली. सूर्य मावळताना आभाळ रताळ्याच्या सालीसारखं झालं होतं. रेडिओवाले काय म्हणतात ते पाद्र्याने येऊन सांगितलं, पण आम्हाला गुरांनी आधीच सांगितलं होतं. या वादळाला मनिलावाल्यांनी एका बाईचं नाव ठेवलंय म्हणे. नाव ठेवायला त्यांचं काय जातं.

शेतातली रताळी काढली. निम्मी कोवळी होती, पण तिथे कुजण्यापेक्षा पोटात गेलेली बरी. पाणी भरलं. चूल लाकडांसकट आत घेतली. फळ्या ठोकल्या, अडसर घातले. नैऋत्येचं दार तेवढं उघडं आहे. शेवटचं माणूस आत आल्याशिवाय ते लावायचं नाही, हा आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको.

दोरांचं जाळं सकाळी वर चढून एकेक ओढून बघितलं. हो, वर चढून. ते पुराण मोठं आहे, नंतर सांगेन.

पोलिकार्पोला घेऊन आलेत. तो कोपऱ्यात पडल्या पडल्या मला हुकूम सोडतोय. शेजारची तिबुर्सिया आली, तिच्या सुना आल्या, पोरंटोरं आली. सगळ्यांनी पाठ आंधळ्या भिंतीला लावलीय, जशी आपण लावायचो.

आत्ता कोन्सोर्सिया आली. दारात उभी राहिली. डोक्यावर गवती इरल्यासारखा वाकुल, हातात गाठोडं, काखेत कोंबडी. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि तिची नजर जमिनीवर. मग म्हणाली, 'माझं घर भक्कम आहे, उर्सुला. फक्त आवाज फार करतं.' मी म्हटलं, 'माझं मुकं आहे. ये आत.' तिला जागा करून दिली. कोंबडी पोलिकार्पोच्या उशाशी जाऊन बसली आणि तो तिलाही हुकूम सोडायला लागलाय.

भीती वाटते का, असं तू मनात विचारत असशील. वाटते. इतकी माणसं या गवताखाली आहेत आणि हे गवत मी बांधलंय म्हणून ती आली. पण खरं सांगू, भीतीपेक्षा मला ते बघायचंच आहे. काम कसं झालं ते माणसं तोंडावर सांगत नाहीत. वादळ सांगतं.

समुद्राचा आवाज आता चुकीच्या बाजूने यायला लागला. दार लावते.

*

मिंदानाव
२६ सप्टेंबर १९६९

ताई,

हे पत्र कधी मिळेल माहीत नाही. वाचायला तू असशील असं धरून लिहितो, कारण दुसरं काही धरवत नाही.

काल रेडिओवर सांगितलं की वादळ सरळ आपल्या बेटांवर चाललंय, आणि यंदाच्या मोसमातलं हे सगळ्यांत मोठं. दुपारपर्यंत तिकडची खबर येत होती. मग फक्त खरखर.

मी उठलो आणि घराच्या छपरावर दोर टाकायला लागलो. दुसरं काही सुचेचना. खुंट्यांवरच्या कोंबड्या हाकलल्या आणि एकेक गाठ मारत गेलो. शेजारी कुंपणाशी येऊन म्हणाला, 'सिक्स्तो, आभाळ निळं आहे.' मी म्हटलं, 'तुमच्याकडे.' तो निघून गेला. थोड्या वेळाने शिडी धरायला आला.

मग मी शंख काढला आणि फुंकला. सप्टेंबर महिना, कसलं काही निमित्त नाही, पण आपली सगळी घरं आली. प्रत्येकाच्या हातात दोर होता. कोणी विचारलं नाही की बांधायचं काय. सगळे माझ्या आंधळ्या भिंतीला पाठ लावून बसले आणि रेडिओची खरखर ऐकत राहिले. बाहेर लख्ख ऊन. ती भिंत मी उगाच बांधली नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं.

बसल्या बसल्या लोक मोजायला लागले की गावात छपरावर चढणारे कोण कोण उरलेत. एक नाव घ्यावं तर कोणी म्हणे तो मनिलाला बंदरावर आहे. दुसरं घ्यावं तर तो आमच्यातच बसलेला. तिसरा देवाघरी. शेवटी मी म्हटलं, पोलिकार्पो आहे ना. तेव्हा म्हातारा फाउस्तो म्हणाला, 'त्याची तर दोन वर्षांपूर्वी कड्यावरून पडून कंबर मोडली. त्याला कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागतं. तुला ठाऊक नाही?'

मला ठाऊक नव्हतं. तू लिहिलं नाहीस.

मग माझ्याने बसवेना. ताई, छप्पर झालंच नाही का? मी शंख दिला नाही, माणसं उरली नव्हती, आणि मला लागू नये म्हणून तू सगळं रचून लिहिलंस का? ते थर, ते दोन दोर, कोपरापर्यंत हात जातो ते? तू त्या कुजक्या गवताखाली बसलीयेस का? मी तुझं पत्र इथे शंभर माणसांना वाचून दाखवलंय. त्याचं काही नाही, पण तू कुठे बसलीयेस ते मला सांग.

सिक्स्तो

*

सबतांग बेट
१९ ऑक्टोबर १९६९

प्रिय सिक्स्तो,

छप्पर झालं होतं. अजून आहे. त्याच्याच खाली बसून हे लिहितेय आणि आतापर्यंत कागदावर एक थेंब पडलेला नाही. वादळाच्या दिवशी लिहिलेलं पत्रही सोबत जोडलंय, ते आधी वाच.

आता पुराण ऐक. एप्रिलमध्ये तुझं उत्तर यायच्या आधीच मी गावात फिरून बघितलं होतं, वर चढतील असे दोनच पुरुष सापडले. त्यांनीही मे महिन्यात होडी पकडली. तुझं पत्र आलं, पोलिकार्पोला सांग. मी जाऊन सांगितलं. तो छताकडे बघत पडला होता. वाचून दाखवलं तसा इतका हसला की त्याची मुलगी दामियाना घाबरून धावत आली. म्हणाला, 'सावडीला म्होरक्या मिंदानावला आणि मुकादम बिछान्यावर. उर्सुला, वर तूच चढ. मी ओरडतो.'

आम्ही त्याला दाराच्या फळीवर घालून अंगणात आणला आणि आंब्याखाली टेकवून बसवला. वर मी, दामियाना, तिबुर्सिया आणि तिच्या तीन सुना. बेटावर बाई छपरावर चढलेली कोणी पाहिली नव्हती. उन्हासाठी सगळ्यांच्या डोक्यावर वाकुल, पाठीवर गवतासारखा लोंबलेला. पोलिकार्पो खालून म्हणाला, 'छपरावर छपरं चढली.' त्यानंतर दिवसभर शिव्याच. एकेक गाठ त्याने तीनतीनदा सोडवायला लावली. तिबुर्सियाची धाकटी सून रडत खाली उतरली, नाक पुसलं आणि पुन्हा वर गेली. शेवटच्या दिवशी त्याने शिव्या दिल्या नाहीत. तेव्हा आम्हाला कळलं की जमलं.

तुला लिहिलं नाही, कारण तू म्हणाला असतास, बायकांचं काम, पहिल्या वाऱ्यात जाईल. ते मला आधी वादळाच्या तोंडून ऐकायचं होतं, मग तुझ्या.

तर वादळ बोललं ते असं. दुपारी लागलं आणि अंधार पडायच्या आत एकमेकींचं बोलणं ऐकू येईनासं झालं. भिंत गप्प होती. पण वरचे दोर वाजायला लागले, सगळ्यांत मोठ्याने ईशान्येच्या कोपऱ्यावरचे ते दोन. पोलिकार्पो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, 'गातोय. गातोय तोवर ठीक. गप्प झाला तर मला उठवा.' त्याला झोप कसली, नुसतं बोलायचं म्हणून.

मग एकाएकी सगळं थांबलं. पोरं म्हणाली, गेलं. कोणीही मोठं माणूस उठलं नाही, कारण आपल्या बेटावर हे पोराला दात यायच्या आधी कळतं की हा फक्त मधला श्वास आहे आणि पुढचा वारा पाठीमागून येणार. या दाराचे अडसर काढून त्या दाराला लावायचे आणि पलीकडचे दोर ताणायचे, तेही वारा फिरायच्या आत. मी नैऋत्येच्या कोपऱ्यावर चढले. दोर भिजून ढिला पडला होता. एकटीने ओढवेना. खाली बघते तर कोन्सोर्सिया, झगा खोचून माझ्या मागे चढलेली. वर आल्यावर तिने मान वळवून आपल्या घराकडे बघितलं. तिथे भिंती होत्या. टिनाचा एक पत्राही नव्हता. मला वाटलं आता ही बसणार. ती म्हणाली, 'तिकडे काय बघतेस, ओढ.' दोघींनी ओढला. तिचे हात सोलून निघाले आणि माझेही. आम्ही आत आलो, अडसर घातला आणि दुसरा वारा आला.

तो पहिल्यापेक्षा वाईट होता. वळचणीचं हातभर गवत घेऊन गेला. बाकी एक काडी त्याला मिळाली नाही.

सकाळी दार उघडलं. झाडांना पानं नव्हती, रस्त्यावर मासे पडले होते. आणि आपलं घर आणि आत आलेलं प्रत्येक माणूस जिथल्या तिथे. पोलिकार्पोला आम्ही फळीवरून बाहेर आणलं. त्याने चारी कोपरे बघितले. रडला. इतक्या वर्षांत त्याला रडताना मी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमची सावड कोन्सोर्सियाच्या अंगणात गेली. तिने बोलवलं नव्हतं. तिच्या घरावर आता गवत आहे आणि ती सगळ्यांना सांगते की हे जास्त गार राहतं.

तुझं जुलैचं पत्र मला वादळानंतर मिळालं. कोपऱ्यावर ज्याने दुहेरी दोर टाकला त्याचा हात हातात घेऊन आभार सांग, असं लिहिलंस. घेतला. डावा उजव्यात घेतला आणि सांगितलं. नाव विचारलंस, ते पत्राच्या शेवटी आहे.

शंख आता मागत नाही. त्याच्यावाचून झालं.

उर्सुला

*

मिंदानाव
३० नोव्हेंबर १९६९

प्रिय ताई,

तुझं पाकीट आलं. आधी मी एकट्याने वाचलं, मग चेहरा धुतला, मग देवळाबाहेर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. एक ओळ गाळली नाही. 'पुरुष तिथे आहेत तोवर' असं मी जिथे उभा राहून म्हटलं होतं, तिथेच उभा होतो. पोरी हसत होत्या. बायका हसत नव्हत्या, त्या आमच्याकडे बघत होत्या. पुरुषांनी टोप्या काढल्या.

वाचून झाल्यावर म्हातारा फाउस्तो माझ्याकडे वळला आणि एवढंच म्हणाला, 'शंख तिथे असतो, जिथे छप्पर असतं.' वाद घालायला कोणी उठलं नाही. मीही नाही.

पेटीत पेंढा भरलाय, तू म्हणाली होतीस तसा. कसा फुंकायचा ते लिहीत नाही. तुझी हाक मी लहानपणी डोंगराच्या पलीकडून ऐकलीय. म्होरकी आता तू आहेस. हा मान मी द्यावा असं काही उरलेलं नव्हतं, तरी रीत म्हणून लिहितो.

त्या दिवशी भिंतीला पाठ लावून बसलेले सगळे म्हणतात की बेटावर अजून आपलं घर आहे. आधी ते हे रडत म्हणायचे, आता छाती काढून म्हणतात. मी सगळ्यांत जास्त काढतो. बटण पुन्हा तुटलं.

शंखाच्या जागी आंधळ्या भिंतीवर नुसता खिळा उरला होता, तो बघवेना. म्हणून तिथे खिडकी पाडली. त्या बाजूने वारा येतो, ताई. गार असतो. शेजारी म्हणतो, शेवटी शहाणा झालास.

तुझा भाऊ,
सिक्स्तो

*

सबतांग बेट
८ फेब्रुवारी १९७०

प्रिय सिक्स्तो,

पेटी पोचली. तडा गेलेला नाही.

त्या सकाळी समुद्र शांत होता, आभाळ निळं. मी दारात उभी राहिले, समुद्राकडे तोंड केलं आणि फुंकला. पहिल्यांदा नुसती हवा गेली, ते कोणी ऐकलं नाही असं आपण धरू. दुसऱ्यांदा मात्र वाजला. आपल्या भिंतीवर आपटून डोंगरावर गेला आणि तिकडून परत आला.

मग गल्लीतून पळण्याचे आवाज. दामियाना आली, तिबुर्सिया आणि सुना आल्या, शेतातून आल्या, किनाऱ्यावरून आल्या, हाताला चिखल, पीठ, मासळी लागलेल्या. एकूण एक हातात दोर. सगळ्यांच्या पुढे कोन्सोर्सिया, धापा टाकत. तिने आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'वादळ कुठे आहे?'

मी म्हटलं, 'नाही आलं. तुम्ही येता का ते बघत होते.'

पोलिकार्पो त्याच्या घरातून ओरडत होता की मला न घेता कोण चढलं वर.

सावड बोलवली की जेवायला घालायचं, ही रीत म्होरकीने मोडून चालत नाही. चरबीत मुरवलेल्या मांसाची सगळी मडकी रिकामी झाली. जूनच्या आत पुन्हा भरायला हवीत, कारण यंदाही वादळं येणार आहेत आणि माझी माणसं पोटभर खातात.

तुझी ताई,
उर्सुला
सावडीची म्होरकी